गाडी गार असताना

गाडी ट्यून करणं हे माझं काम आहे आणि ते मला येतं. हे सांगताना मी उगाच लाजत नाही. जळगावात गॅरेज टाकलं तेव्हापासून कापसाचे व्यापारी, डॉक्टर, वकील, ज्यांच्या ज्यांच्या घरी गाडी होती ते सगळे माझ्याकडे येत. इंजिन चालू ठेवून बॉनेटवर वाकायचं, एक स्क्रू चिमूटभर फिरवायचा, ऐकायचं, परत थोडा मागे घ्यायचा. कुठे काय कमी-जास्त आहे ते मला कानाने कळतं. दिवसभर इंजिन बोलतं, मी ऐकतो. स्वतः बोलायची वेळ फारशी येत नाही आणि आली तरी मी टाळतो. ही गोष्टही मी बरीच वर्षं टाळली.

माझी मोठी बहीण धुळ्याला दिलेली. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. दाजी, म्हणजे तिचे यजमान, जिनिंगवाल्यांसाठी कापूस पारखून द्यायचे. बैलगाडीतल्या कापसात हात खुपसून, धागा ओढून, ते मालाची जात आणि ओल सांगत. मधल्या काळात त्यांना लांबचं धूसर दिसायला लागलं. कापसाला त्याची अडचण नव्हती, तो हातानेच कळतो. अडचण गाडी चालवायची होती. त्यांच्याकडे एक जुनी विलायती गाडी होती, हौसेने घेतलेली. हंगामात पहाटे निघून शिरपूरच्या बाजारात माल उतरायच्या आत पोचायला लागायचं. ड्रायव्हर ठेवायचा की कसं, असा विचार चालू असताना अक्का म्हणाली, मी शिकते.

शिकवलं मी. पांझरेच्या काठच्या मोकळ्या मैदानात, सुट्टी काढून जाऊन. खरं सांगायचं तर तिला शिकवायला काही लागलंच नाही. आमच्या पहूरच्या मळ्यात विहिरीवर ऑइल इंजिन होतं आणि माझ्या आधी त्याला हँडल मारायला अक्का शिकली होती. इंजिन कधी पाणी धरेल आणि कधी नुसतंच धडधडेल, ते ती मोटेचं पाणी पडायच्या जुन्या थारोळ्यावर बसल्या बसल्या सांगायची. मला कान आहे असं लोक म्हणतात. घरात पहिला कान तिचा होता.

त्या काळात धुळ्यात साडी नेसून गाडी चालवणारी बाई म्हणजे लोक दुकानातून बाहेर येऊन बघत. शेजारी दाजी, मांडीवर जेवणाचा पितळी डबा, आणि चाकावर अक्का. शिरपूरच्या बाजारात आधी हसले, मग सवय झाली, मग कोणी कोणी तिलाच विचारू लागले, की अक्का, आज मालाला भाव कसा. तिला ते आवडायचं. चेहऱ्यावर दाखवायची नाही, पण आवडायचं.

पुढे पेट्रोल एकदम महागलं. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, गाडी पेट्रोल कमी खाईल असं करून दे. मी तसं करून देण्यात वाकबगार झालो. त्या वर्षी दिवाळीनंतर दाजींची गाडी माझ्याकडे आली. मी तिचं टायमिंग घेतलं, पॉइंट घासले, प्लग बदलले आणि कार्बोरेटरचं पेट्रोल आवळलं. ज्या भोकातून पेट्रोल येतं ते मोठं जेट काढून बारीक बसवलं. आणखी एक केलं. ॲक्सिलरेटरवर पाय देताच कार्बोरेटरमधला एक छोटा पंप पेट्रोलची पिचकारी मारतो, त्यावर गाडी उचल घेते. त्या पंपाच्या दांडीला दोन-तीन भोकं असतात. पिन अलीकडच्या भोकात घातली की पिचकारी छोटी होते. मी ती अलीकडे घातली. आणि अक्काला बजावलं, गार इंजिनला जादा पेट्रोल मिळावं म्हणून ओढतो तो चोक, इंजिन लागलं की ताबडतोब आत ढकलायचा, चोकमध्ये पेट्रोल फुकट जातं. ती बरं म्हणाली. मी शिकवलेलं ती तंतोतंत करायची.

गाडी काय सुंदर झाली होती. अजिंठा रस्त्याला मी तिला पळवली तेव्हा मलाच माझं कौतुक वाटलं. दाजी तर महिनाभर येईल-जाईल त्याला सांगत होते, साल्याने गाडी पाण्यावर चालवली.

थंडी सुरू झाली आणि अक्काची तक्रार आली. सकाळी पाय दिला की गाडी जात नाही, म्हणाली. आधी घोट घेतल्यासारखी थांबते, पोटात खड्डा पडल्यासारखं होतं, मग एकदम उचलते. मी म्हटलं, गाडी घेऊन ये. दोघं आले. धुळे, पारोळा, एरंडोल करत जळगावपर्यंत येईतो गाडी चांगली तापलेली. मी बसलो, पाय दिला. बाणासारखी सुटली. दोन फेऱ्या मारून आलो, काही नाही. पंधरवड्याने परत आले. परत काही नाही.

त्या दुसऱ्या वेळी गॅरेजमध्ये चार माणसं होती. बाकावर एक मारवाडी शेठ बसले होते, माझं जुनं गिऱ्हाईक, थट्टेखोर माणूस. त्यांच्या गाडीचं काम चालू होतं. अक्का गाडीतून उतरून माझ्यापाशी आली आणि खड्डा कसा पडतो ते हाताने दाखवू लागली. मला वाटलं, सगळ्यांसमोर माझ्या कामात खोट काढतेय. मी हात पुसत म्हटलं, "अक्का, गाडीत काही नाही. तुझा पाय चुकतो."

शेठ म्हणाले, "मिस्त्री, पोळपाटाला क्लच नसतो ना, सवय कुठून होणार." सगळे हसले. दाजीही हसले. मीही हसलो.

अक्का वळली. गाडीत जाऊन बसली, दार लावून घेतलं. चहा आला तेव्हा तिने काचेतूनच नको म्हणून हात हलवला.

त्यानंतर काही दिवसांनी निरोप आला, गाडीला ट्रक घासला. मी मिळाली ती एसटी पकडून धुळ्याला गेलो. दाजींची गल्ली तेव्हा सरळ आग्रा रोडवर, म्हणजे हायवेवर, निघायची. पहाटे त्या रस्त्याला ट्रकची रांग. अक्काने वाट पाहून, मोकळं बघून गाडी रस्त्यावर घातली, पाय दिला, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध गुदमरली. ट्रकवाल्याने कशीबशी बाजूने काढली. मागचा मडगार्ड चेपला, दिवा फुटला. माणसांना खरचटलंही नाही. पण दाजींनी त्याच जागी गाडीची किल्ली काढून आपल्या बंडीच्या खिशात घातली होती. आता पुरे, असं त्यांचं म्हणणं. ड्रायव्हर बघायचा, तोवर बसने जायचं. अक्काने वाद घातला नव्हता. मी पोचलो तेव्हा ती तुरीच्या शेंगा सोलत होती. माझ्याकडे पाहिलं आणि पाणी आणायला उठली.

मी ठरवलं की सकाळी गाडी नेमकी तिथेच, आग्रा रोडवर घालून बघायची. पहाटे उठून अंगणात आलो, तर गाडीचं इंजिन चालू. दाजी कानटोपी घालून शेजारी उभे.

"पाव्हनाले काय थंडी गाडी देवानी?" दाजी म्हणाले. "आंघोळनं पानी तपाडं, तशी गाडी बी तपाडी ठेयी."

मला त्या आदराचं बरंच वाटलं, हे कबूल करतो. बसलो, गल्लीतून निघालो, आग्रा रोडवर घातली, पाय दिला. लोण्यासारखी गेली. परत येऊन मी जाहीर केलं, गाडीत काही दोष नाही. दाजींनी मान हलवली, त्यांना तेच ऐकायचं होतं. मी पिशवी भरायला आत गेलो.

अक्का चहा घेऊन आली. कप हातात न देता तिने कट्ट्यावर ठेवला.

"तू ही गाडी गार असताना कधी चालवलीस?" तिने विचारलं.

मी म्हटलं, आताच तर चालवली.

"ती त्यांनी तापवलेली होती. तुझ्या गॅरेजात येते ती रस्त्याने तापून येते. तुम्हाला सगळ्यांना ती तापलेलीच मिळते. माझ्यासाठी कोणी तापवत नाही. ह्यांची पूजा आटपेपर्यंत उशीर झालेला असतो, बसायचं आणि निघायचं."

तिने आवाज चढवला नव्हता. मी चहा तसाच ठेवला. इतकी वर्षं गाड्या दुरुस्त करतो, आणि जवळजवळ प्रत्येक गाडी माझ्यापुढे चालत येऊन उभी राहिलेली, म्हणजे तापलेली. गार इंजिनची तक्रार मी गरम इंजिनला विचारत होतो. हे माझ्या ध्यानात यायला बहिणीच्या गाडीला ट्रक घासावा लागला.

मी मुक्काम वाढवला. दाजींना बजावून सांगितलं, उद्या गाडीला कोणी हात लावायचा नाही. त्यांना ते पाहुण्याचा अपमान केल्यासारखं वाटलं, पण ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बॉनेटवर हात ठेवला तर बर्फ. काचेवर दव. किल्ली दाजींनी माझ्या हातात दिली, अक्काच्या नाही. मी अक्काला शेजारी बसवलं. इंजिन लावलं आणि मी तिला शिकवलं होतं तसंच केलं, चोक ताबडतोब आत. गल्लीच्या तोंडाशी थांबलो. दूरवर ट्रकचे दिवे दिसत होते. रस्ता मोकळा बघून पाय दिला.

गाडी गेलीच नाही. पाय खाली गेला आणि त्याच्याखाली काहीच नव्हतं. मग इंजिनने ठसका दिला आणि एकदम ओढ घेतली. इतक्यात ते दिवे बरेच जवळ आले होते. मी गाडी पलीकडे नेऊन उभी केली. अक्का समोर बघत होती.

आता घाई करायला हवी होती. गार इंजिन चार-सहा मिनिटं गार राहतं, मग त्या दिवसापुरती संधी गेली. मी चोक अर्धा बाहेर ओढला आणि परत पाय दिला. या वेळी खड्डा पडला नाही. म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं, आणि तेही फक्त पाय देण्याच्या क्षणी. इंजिन बंद केलं, एअर फिल्टर काढला, कार्बोरेटरच्या घशात बॅटरीचा उजेड टाकला आणि हाताने दांडी ओढली. पिचकारी कसली, म्हाताऱ्याची लाळ गळावी तसं पेट्रोल ओघळलं. इंजिन तापलेलं असलं की तेवढंही चालतं, आतल्या उष्णतेने त्याची लगेच वाफ होते. गार असलं की ते थेंब होऊन भिंतीला चिकटून बसतं आणि इंजिनला नुसती हवा मिळते.

पिन अलीकडच्या भोकात होती. मीच घातली होती. जेटही मीच बारीक केलं होतं, आणि चोक झटकन आत ढकलायलाही मीच सांगितलं होतं. तिने माझी एकही गोष्ट मोडली नव्हती. मोडली असती तर गाडी गेली असती.

अंगणात आणून मी पिन पलीकडच्या भोकात घातली आणि बाजारातून थोडं मोठं जेट मिळवून बसवलं. अक्का अंगणात दाणे पाखडत होती. सूप हलत होतं, पण तिचं लक्ष माझ्या हातांकडे होतं. एकदा काही सुधारलं की लगेच चालवून बघायचा मोह होतो. मी तो आवरला. तिसऱ्या पहाटे, परत सगळं गारढोण असताना, गाडी आग्रा रोडवर घातली. पाय दिला आणि गाडी निघाली. खड्डा भरला होता.

दाजींनी विचारलं, काय होतं?

मी म्हणालो, "कचरा. कार्बोरेटरमध्ये कचरा होता."

आमच्या धंद्यात हा शब्द पानाला चुना लावावा इतक्या सहज येतो. कचऱ्याला बाप नसतो. तो पेट्रोलमधून येतो, रस्त्यावरून येतो, आपण तो आणलेला नसतो. मला वाटलं, अक्काचाही दोष गेला, माझाही गेला, सगळ्यांचं भागलं. पण दाजी विचारी माणूस. ते म्हणाले, कचरा काय, उद्या परत येईल. मग ऐन रस्त्यात ही काय करणार? नकोच ते. आणि किल्ली परत बंडीच्या खिशात गेली.

दारात अक्का उभी होती. "कचरा होता का," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

त्या दिवशी दाजींना घेऊन शिरपूरला मी गेलो. गाडी छान चालत होती आणि दाजी माझ्या हाताचं कौतुक करत होते. बाजारात मी त्यांच्या मागे उभा राहून बघत होतो. एका शेतकऱ्याने वरचा कापूस उचलून पुढे केला, पांढराशुभ्र, कोरडा. दाजींनी त्याकडे पाहिलंही नाही. बाही सारून कोपरापर्यंत हात खाली घातला, मूठभर कापूस काढून दाबला आणि त्या माणसाच्या हातात परत दिला. खालचा ओला होता. तो माणूस पागोटं सारखं करत राहिला. मला तिथे उभं राहवेना.

परत येताना तापीचा पूल ओलांडला आणि मी सांगायला सुरुवात केली. मी बोलण्यात अडखळणारा. आधी जेटचं सांगितलं, मग पिनेचं, मग चोकचं. कचरा नव्हता, म्हणालो. पिन मी परत जागेवर घातलीय, आता असं होणार नाही. अक्काचा पाय बरोबर होता.

दाजींनी पितळी डबा मांडीवरून खाली ठेवला. मग म्हणाले, "माले नको सांगू. तिले सांग."

घरी आलो तर अक्का चुलीवर वांगी भाजत होती, रात्री भरीत होतं. मी पाटावर बसलो आणि सांगितलं. ती वांगं उलटत राहिली. सगळं झाल्यावर म्हणाली, "पिन बदलताना मी पाहिली होती." मग वांगं ताटात काढत, "घरात सांगितलंस ते बरं केलंस. हसले कुठे होते?"

गॅरेजमध्ये, मी म्हटलं.

"मग तिथे सांग."

सांगतो, म्हणालो. जेवणं झाल्यावर दाजींनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि भाकरीच्या टोपलीशेजारी ठेवली, मीठ ठेवावं तशी. अक्काने ती उचलून कमरेला खोचली. दुसऱ्या दिवसापासून गाडी तीच न्यायची, आणि दाजी पूजेआधी अंगणात येऊन इंजिन लावून ठेवू लागले. ते त्यांनी शेवटपर्यंत पाळलं.

मी मात्र पाळलं नाही. जळगावला आलो, शेठ बाकावर होते, माणसं होती, आणि मी फडकं घेऊन कामाला लागलो. उद्या सांगू, म्हटलं. मग कामाची गर्दी. त्यातून एक विचित्र गोष्ट झाली. मी गिऱ्हाइकांना सांगू लागलो की सकाळची तक्रार असेल तर गाडी रात्री इथेच ठेवा, मी पहाटे गार असताना बघतो. गावात त्याचं नाव झालं. बोदवड, भुसावळहून लोक येऊन गाडी ठेवून जात. ही युक्ती कुठून शिकलात असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, अनुभव. अक्काचा प्रश्न मी माझा अनुभव म्हणून वापरत होतो.

अक्का वर्षातून दोन-तीनदा गाडी घेऊन यायची, गॅरेजसमोर उभी करायची आणि उतरायची नाही. चाकावर हात ठेवून बसून राहायची. मी तेल बघायचो, काच पुसायचो, चहा मागवायचो. ती काचेतून हात हलवायची. तिला पहूरच्या घरी भेटलं की ती हसायची, जेवू घालायची, पोरांची चौकशी करायची. गॅरेजसमोर आली की तेवढी बसून राहायची. लोकांना वाटायचं, बाईला गुर्मी आहे. मी तेही खोडून काढलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ती आली. दाजी आता नाहीत. शेठ थकलेत, पण सकाळचं ऊन खायला अजून माझ्या बाकावर येऊन बसतात. आणखी दोघं-तिघं होते. अक्काने गाडी उभी केली. मी फडकं घेऊन काच पुसायला गेलो आणि काय झालं कोणास ठाऊक, फडकं तसंच हातात धरून मागे वळलो.

"शेठ," मी म्हटलं, "तुम्ही एकदा अक्काच्या पायाला हसला होतात. मीच हसवलं होतं. तिचा पाय चुकत नव्हता. गाडी मी बिघडवली होती, आणि गार असताना बघायचं तिने मला सांगितलं."

शेठनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं. "कुठली गाडी रे?" म्हणाले. बाकीचे माझ्याकडे नुसते बघत होते. एवढी वर्षं ज्यांच्यासमोर बोलायला मी कचरलो, त्यांच्या ते गावीही नव्हतं.

माझ्या मागे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. अक्का उतरली. पदर सारखा केला, तेलाचे डाग चुकवत चालत आली आणि शेठना थोडं सरकायला सांगून बाकावर बसली.

"चहा सांग," ती मला म्हणाली. "आणि त्याला म्हणावं, पाणी कमी घाल."